द्राक्षावरचा 'केवडा', 'डावणी' आणि 'भुरी' : कोणता शब्द कशासाठी?

प्रश्न असा आहे : तासगावकडे द्राक्षबागेत 'डावणी आली' म्हणतात, शेतीच्या पुस्तकांत त्याच रोगाला 'केवडा' म्हटलेलं दिसतं, आणि काही जण 'मिल्ड्यू' म्हणताना भुरी हा पांढऱ्या पुडीसारखा दिसणारा रोगही त्यातच धरतात. बरोबर शब्द कोणता? केवडा म्हणजे वासाचा केवडाच का? आणि डावणीचा दावणीशी काही संबंध आहे का?

शेवटचं आधी. दावणीशी संबंध नाही. इंग्रजीत या रोगाला 'डाऊनी मिल्ड्यू' म्हणतात. त्यातला 'डाऊनी' म्हणजे लवदार. मिल्ड्यू गळून पडला आणि डाऊनीची डावणी झाली. शेवटी ई आली म्हणून ती बिनबोभाट स्त्रीलिंगी ठरली : डावणी आली, डावणी घडात शिरली, डावणीनं बाग नेली. छापील मजकुरात 'डाऊनी' दिसतं, बांधावर डावणीच. उसना शब्द एवढा मुरल्यावर त्याला अशुद्ध म्हणण्यात अर्थ नाही.

केवडा मात्र अस्सल आपला आणि अंमळ फसवा. द्राक्षावर केवडा, बाजरीवर केवडा, भेंडीवर केवडा, उसावरही केवडा. पण बाजरीचा केवडा डावणीच्याच कुळातला (कणसाच्या जागी पानांच्या जटा आल्या की त्यालाच 'गोसावी' म्हणतात), भेंडीचा विषाणूमुळे येतो आणि पांढरी माशी तो पसरवते, तर उसाचा बहुतेक वेळा रोगच नसतो, पानाला लोह कमी पडलेलं असतं. या सगळ्यांत समान काय? फक्त रंग. केवड्याच्या कणसाभोवतीच्या पानांसारखा फिकट पिवळेपणा. म्हणजे हा शब्द रोगाचं कारण सांगत नाही, डोळ्यांना काय दिसलं ते सांगतो. म्हणून दुकानात नुसतं 'केवड्याचं औषध द्या' म्हणू नये, पीक सांगावं. उसाला लोह देणारं फेरस सल्फेट लागेल, द्राक्षाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

भुरीही अशीच, दिसण्यावरून पडलेलं नाव. भुरा म्हणजे राखट पांढरा, त्याचं स्त्रीलिंग भुरी. इथे मराठी इंग्रजीपेक्षा सरस आहे. इंग्रजीत दोन्ही मिल्ड्यू, त्यामुळे दोन्ही भावंडं वाटतात. प्रत्यक्षात त्यांचं नातंच नाही. भुरी ही खरी बुरशी, शास्त्रीय नाव एरिसायफे निकेटर. डावणी करणारा प्लाझ्मोपॅरा व्हिटिकोला हा काटेकोर अर्थानं बुरशीच नव्हे. त्याची पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोजची असते, बुरशीसारखी कायटिनची नाही, आणि वंशावळीत तो तपकिरी शेवाळांच्या जवळ बसतो. हा फरक फवारणीच्या पंपापर्यंत पोचतो. हेक्झाकोनॅझोलसारखी भुरीची औषधं बुरशीतलं एर्गोस्टेरॉल (तिच्या पेशीच्या पडद्याला लागणारं द्रव्य) तयार होणं थांबवतात. डावणीचा जीव ते बनवतच नाही, त्यामुळे ती फवारून डावणी हटत नाही. उलट डावणीचं औषध मेटॅलॅक्झिल भुरीवर वाया जातं.

ओळखायचं कसं? पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळसर डाग आणि त्याच डागाखाली, पाठीमागे, पांढरी कापसासारखी वाढ : ही डावणी. (तेलकट डाग म्हणजे 'तेल्या' नव्हे. तो डाळिंबाचा, आणि जिवाणूमुळे येतो.) शंका असेल तर संशयित पान संध्याकाळी ओलसर करून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून अंधारात ठेवावं. डावणी जिवंत असेल तर सकाळी डागाखाली ताजी लव उठलेली दिसते. काही जातींच्या पानांना खालून जन्मतःच लव असते, तिला घाबरू नये. ती डागापुरती नसते, पानभर असते. भुरी पानाच्या दोन्ही बाजूंना बसते आणि बोट फिरवलं की पूड बोटाला लागते. कोवळ्या मण्यावर ती बसली तर साल मरते, आतला गर वाढत राहतो आणि मणी तडकतो.

हवामानातही उलटा प्रकार. डावणीला पानावर साचलेलं पाणी लागतंच, म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की पोंग्यापासून (डोळा फुटू लागल्यापासून) फुलोऱ्यापर्यंत तिची धास्ती. भुरीला पाणी नको, दमट ढगाळ हवा आणि दाट कॅनॉपी (वेलीचा पानोरा) पुरते.

आता डावणीवर फवारतात ते 'बोर्डो' मिश्रण. बोर्डो हे फ्रान्समधल्या शहराचं नाव. डावणी 1878 च्या सुमारास अमेरिकेतून फ्रान्सला पोचली. बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांना 1882 मध्ये मेडॉक भागात रस्त्यालगतच्या वेलींची पानं शाबूत दिसली. वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून मालकानं त्यांवर मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) आणि चुना मारला होता. त्यावर प्रयोग करून 1885 मध्ये त्यांनी मिश्रणाची कृती जाहीर केली. फ्रेंच नावाचा शब्दशः अर्थ 'बोर्डोची पेज' असा होतो. आपण 'मिश्रण' म्हणून त्यातली मजा घालवली.

एक टक्का बोर्डो म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत पन्नास-पन्नास लिटर पाण्यात विरघळवून मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतायचं, उलट नाही. उलट केलं तर साका जाड बसतो आणि नोझल तुंबतं. मग घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवायचा. त्यावर तांबूस थर चढला तर तांबं अजून मोकळं आहे, कोवळी पानं भाजतील. थर चढेनासा होईपर्यंत चुन्याची निवळी घालत राहायची, आणि झालेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं.

मोरचुदातला 'मोर' मात्र खरा मोरच. संस्कृतात याच निळ्या खड्याला 'शिखिग्रीव' म्हणतात, मोराची मान.