वाचक विचारतात: ‘परीक्षा होऊ दे, मग बघू’ म्हणावं का?

प्रश्न: ताई, माझा धाकटा भाऊ वीस वर्षांचा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. गणपतीपासून कॉलेजला जाईना झालाय. रात्री झोपंना, खिडकीला पेपर चिकटवून बसतो. “शेजारचे माझ्यावरच बोलायलेत, मोबाईलमधून सगळं ऐकायलेत” म्हणतो. खोलीत कोणी नसताना उत्तरं द्यायलाय. आजी म्हणते बाहेरचं आहे, अमावास्येला दाखवून आणूया. बाबा म्हणतात परीक्षा होऊ दे, मग बघू. मी उद्यमबागेत फौंड्रीत आहे. दवाखान्याचं नाव काढलं की “मी काय येडा हाय?” म्हणून अंगावर येतो. गोळ्या जन्मभर लागतात काय?
– एक भाऊ, खानापूर तालुका

उत्तर: भाऊ, परीक्षेची वाट बघू नका, अमावास्येचीही नको. तुम्ही लिहिलंय ते सायकोसिस असू शकतं, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, खोटे संशय खरे वाटणं. थायरॉईड, मेंदूचे काही आजार, गांजा यांनीही असं होतं, म्हणून डॉक्टर रक्तही तपासतील. गांजाचं त्याला एकट्यात, न रागावता विचारा.

घाई करायला सांगते त्याला कारण आहे. नॉर्वेत १९९७ पासून एका भागात पेपरांतून, शाळांतून लोकांना ही लक्षणं सांगितली, चटकन तपासणारं पथक ठेवलं. पोरं लवकर उपचाराला यायला लागली. दहा वर्षांनी पाहिलं तर त्या भागातले साधारण ३१ टक्के रुग्ण पूर्ण सावरून कामाधंद्याला लागलेले होते. जिथे ही मोहीम नव्हती तिथे १५ टक्के. उपचाराविना गेलेले महिने पुढे महाग पडतात.

आता त्याला न्यायचं कसं. खिडकीच्या पेपरावरून वाद घालू नका. “हो रे, ऐकतात खरं” असंही म्हणू नका. झोप नाही हे त्यालाही कळतंय, तिथून बोला: “तुला भीती वाटतेय, मला दिसतंय. झोपेसाठी डॉक्टरांना विचारूया.” ज्याचं तो ऐकतो, मामा असो की मित्र, त्याला सोबत घ्या. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय आहे. तो येतच नसेल तर तुम्ही १४४१६ वर, टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करा. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

जाताना एका कागदावर लिहून न्या: कधीपासून, झोप किती, काय म्हणतो, घरात आधी कोणाला असं झालंय का. आणि डॉक्टर कन्नड बोलणारे असले तर पोराला मराठीत सांगायचंय हे आधीच सांगा. बाजारापुरतं कन्नड आपल्या सगळ्यांना येतं, पण कानात येणारे आवाज काय म्हणतात ते चाचपडत सांगितलं की निम्मं राहून जातं.

आजींना देवाला जायचं तर जाऊ दे, मी आडवी येणार नाही. पण गोळी चुकवायची नाही, जागरण नाही, आणि त्याला बांधणं-मारणं अजिबात नाही.

जन्मभर गोळ्या सगळ्यांना लागत नाहीत. पहिल्या खेपेला बरं वाटल्यावरही साधारण एक-दोन वर्षं घ्याव्या लागतात, मग डॉक्टर हळूहळू कमी करून बघतात. झोप काही दिवसांत सुधारते, संशय आणि आवाज ओसरायला काही आठवडे जातात. अंग आखडलं, हात थरथरले, वजन वाढलं तर सांगा, गोळी बदलता येते. “आता बरा आहे की” म्हणून घरच्यांनीच गोळी बंद केली आणि पोरगं पुन्हा आजारी पडलं, हे मी फार बघते. तेवढं तुम्ही होऊ देऊ नका.

विषय राहिले तर पुढच्या वेळी सुटतील. सावरू लागला की आधी दिवसाला थोडा वेळ वही-पुस्तक, मग कॉलेज. मात्र मरणाचं बोलला, खाणंपिणं सोडलं, किंवा आवाज काहीतरी कर म्हणून सांगतात असं म्हणाला, तर त्याच रात्री तातडीच्या विभागात न्या.

बाबांना हे वाचून दाखवा. फौंड्रीत एक खाडा पडला तर पडू दे, याच आठवड्यात जा.