ठाण्यात रात्री आठला घरी पोचल्यावर ताज्या हिरव्या भाज्यांचा पास्ता अर्ध्या तासात होईल का?

हो, आरामात होतो, फक्त भाज्या वेगळ्या शिजवत बसू नका, पास्त्याच्याच उकळत्या पाण्यात टाका. दोघांसाठी 200 ग्रॅम पास्ता, 2 लिटर पाणी आणि एक मोठा चमचा मीठ घ्या. पाकिटावर लिहिलेली वेळ संपायला पाच मिनिटं असताना चिरलेली फरसबी आणि तीन मिनिटं असताना सोललेला मटार घाला. तोवर दुसऱ्या गॅसवर मंद आचेवर ऑलिव्ह तेलात लसणाचे काप परता. लसूण लाल झाला की कडवट लागतो, म्हणून तिथून हलू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं: पास्ता निथळण्याआधी ते पाणी वाटीभर काढून ठेवा. त्यात पास्त्याचा स्टार्च उतरलेला असतो, त्यामुळे तेल आणि पाणी एकजीव होऊन क्रीमशिवायही दाटसर सॉस तयार होतो. पास्ता, भाज्या आणि थोडं थोडं पाणी कढईत घालून मिनिटभर जोरात हलवा. गॅस बंद करून किसलेलं चीज, पातीच्या कांद्याची हिरवी पात, मिरपूड आणि लिंबू घाला. अमूलचं प्रोसेस्ड चीजही छान चालतं, पण ते खारट असतं, तेव्हा वरून मीठ नको.

एवढंच की जांभळी नाक्याच्या बाजारात कोवळा, गोड मटार हिवाळ्यापासून साधारण मार्चपर्यंतच मिळतो. नंतर जून झालेल्या मटारापेक्षा फ्रोझन बरा, तो शेवटच्या मिनिटाला टाका. पास्त्यात घालतात ती शतावरी (अ‍ॅस्परॅगस) महाग पडते, कोवळी फरसबी तिच्या जागी उत्तम.