वाचक विचारतात : राक्षसाच्या प्रेमात पडलेल्या गोष्टी

प्रश्न : ताई, माझी कादंबरी लिहून झालीय. गावाने वाळीत टाकलेल्या सुईणीची मुलगी आणि पिंपळावरचा ब्रह्मराक्षस यांची प्रेमकथा आहे, आणि ते प्रेम गोड गोड नाहीये. प्रकाशक म्हणतात एकतर सरळ भयकथा लिहा नाहीतर सरळ प्रेमकथा, असलं मधलं मराठीत कोण वाचणार. बदलू का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : अजिबात बदलू नका. आणि मधलं वगैरे काही नसतं हो, आपल्याकडे ही गोष्ट फार जुनी आहे. पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारात गुणाढ्य नावाचा पंडित होता, तो पैज हरला आणि संस्कृत, प्राकृत, देशी अशा तिन्ही भाषा सोडून विंध्याच्या जंगलात गेला, तिथे एका पिशाचाने त्याला कथा सांगितल्या आणि त्याने त्या पिशाचांच्याच भाषेत लिहिल्या, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने. सात लाख श्लोक! राजाने नाक मुरडलं, पिशाचांची भाषा आणि वर रक्ताने लिहिलेलं. मग गुणाढ्य एकेक पान जनावरांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा, जनावरं चरायचं सोडून ऐकत बसायची. राजा धावत आला तोपर्यंत एक लाखच उरले होते. अकराव्या शतकात सोमदेवाने कथासरित्सागरात ही दंतकथा सांगितलीय. मला तर तो आपला पहिला इंडी, म्हणजे प्रकाशकाविना स्वतःच्या बळावर लिहिणारा लेखक वाटतो, दरबाराने नाकारलेला आणि तरी आपल्याच भाषेवर ठाम राहिलेला.

आणि आजचं बघायचं तर इंग्रजीत या प्रकाराचा सगळा बाजार स्वतः पुस्तक काढणाऱ्यांनीच उभा केलाय. रुबी डिक्सनने 2015 ला बर्फाळ ग्रहावरच्या निळ्या, शिंगवाल्या परग्रहवासीयांच्या प्रेमकथा स्वतःच ईबुक म्हणून काढल्या, 2021 मध्ये टिकटॉकवरच्या वाचकांनी त्या डोक्यावर घेतल्या आणि मग मोठा प्रकाशक आला. ट्रॅव्हिस बाल्ड्रीने 2022 मध्ये तलवार खाली ठेवून कॉफीचं दुकान टाकणाऱ्या ऑर्क (फँटसीतला राक्षसी योद्धा वंश) बाईची गोष्ट स्वतः काढली, त्याच वर्षी तीही मोठ्या प्रकाशकाने घेतली. ती डार्क नाहीये, पण नायिका राक्षसीणच. म्हणजे आधी वाचक आले, प्रकाशक नंतर. मराठीतही नारायण धारप आणि रत्नाकर मतकरींनी भीतीचा केवढा वाचक तयार करून ठेवलाय, आणि प्रतिलिपी या कथा वाचण्या-लिहिण्याच्या ॲपवर भयकथा नि प्रेमकथांच्या लांबच लांब मालिका चालतात, म्हणजे वाचक आहे, फक्त दोन्ही एकत्र देणारं कुणी हवंय.

एक मात्र सांगते, तुमच्या गोष्टीत सोनं कुठेय ते. आपली भुतं बघा ना, हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई, मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला पोरगा, जखीण म्हणजे संसार अर्धा सोडून गेलेली सवाष्ण, समंध म्हणजे मागे कोणी नसलेला. प्रत्येकाचं काहीतरी राहून गेलंय. आणि भुतांनाही जात असते! ब्रह्मराक्षस हा विद्येचा गैरवापर केलेला ब्राह्मण, मेल्यावरही तो वरचाच. त्याच्यासमोर तुमची सुईणीची पोर, जिच्या आईच्या हातांवर अख्खं गाव जन्माला आलं आणि त्याच गावाने तिचं पाणी तोडलं. मग तो पिंपळावरून खाली उतरतो तेव्हा तिच्या हातचं पाणी पितो का? मला तरी हाच तुमच्या कादंबरीचा सगळ्यात मोठा प्रसंग वाटतो, तिथे घाई करू नका. वाळीत टाकणं ही काही फँटसी नाही, आपल्या राज्याला त्याविरुद्ध 2016 ला कायदा करावा लागला.

प्रश्न : माझा नायक खवीस आहे, तो नायिकेला पळवून कोंडून ठेवतो आणि नंतर तिला तो आवडायला लागतो. मैत्रीण म्हणते हे प्रेम नाही, छळ आहे. डार्क रोमान्समध्ये (छळ, हिंसा असलेल्या काळोख्या प्रेमकथांमध्ये) चालतं ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मैत्रीण बरोबर बोलतेय आणि तरीही तुम्ही ते लिहू शकता, फक्त हा छळ आहे हे तुमच्या पुस्तकाला माहीत असायला हवं. मेरी शेलीच्या 1818 च्या फ्रँकेन्स्टाइन कादंबरीतला, माणसाने घडवलेला तो जीव आठवा, सगळ्यांनी हाकललेला, तो आपल्या निर्मात्याकडे जोडीदारीण मागतो, निर्माता ती अर्धवट घडवून फाडून टाकतो, आणि मग तो जीव निर्मात्याच्या बायकोला मारतो. आपल्याला त्याची कणव येते, पण मेरी शेलीने त्या खुनाला कुठेही प्रेम म्हटलेलं नाही. हा फरक तुमच्या हातातून सुटला की गोष्ट गेली.

नायिकेने स्वतः काय निवडलं ते दाखवा. आदिपर्वातली हिडिंबा बघा, भाऊ तिला पांडवांना मारून आणायला पाठवतो, ती भीमावर भाळते, भाऊ मारला जातो, आणि ती सरळ कुंतीसमोर उभी राहून सांगते की मला हा हवाय. अट काय पडते तर भीम दिवसा तिच्यासोबत आणि रात्री भावांकडे परत, मुलगा होईपर्यंत. घटोत्कच झाला आणि ती मागे राहिली. यात अंधार भरपूर आहे, घर गेलं, भाऊ गेला, नवराही गेला, पण मागणी तिची स्वतःची होती.

आणि प्लीज, शेवटी खविसाचा देखणा राजकुमार करू नका. ब्यूटी अँड द बीस्ट या फ्रेंच परीकथेत 1740 ला व्हिलनव्ह या लेखिकेने श्वापदाचा राजकुमार केला, 1756 ला बोमाँ या दुसऱ्या लेखिकेने छोट्या रूपात तोच शेवट घरोघरी पोचवला, तेव्हापासून चाललंय ते. या पुस्तकांचा आजचा वाचक तर त्या शिंगांसाठीच आलेला असतो.

प्रश्न : स्वतः ईबुक काढायचं तर केडीपीवर (ॲमेझॉनच्या स्वतः पुस्तक काढायच्या सेवेवर) मराठी चालतं का? पैसे मिळतात का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : चालतं. रॉयल्टी 35 टक्के, आणि भारतातल्या विक्रीवर 70 हवी असेल तर किंमत त्यांच्या मर्यादेत ठेवून पुस्तक केडीपी सिलेक्ट या त्यांच्याच योजनेत घालावं लागतं. तिथेच लोक फसतात, सिलेक्टमध्ये असताना 90 दिवस ते ईबुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, म्हणजे प्रतिलिपीवर टाकलेले भागही आधी काढावे लागतील. ईबुकला आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) लागत नाही, छापील काढणार असाल तर तो सरकारकडून फुकट मिळतो, त्याचे पैसे मागणाऱ्यांना देऊ नका. ते पैसे संपादनाला आणि मुखपृष्ठाला ठेवा.

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे, मोबाइलवर असली पुस्तकं वाचते. बंद करू का? (एक आई, ठाणे)

उत्तर : राक्षस बंद करू नका, पण डार्क रोमान्स हे मोठ्यांसाठीच लिहिलेलं असतं आणि त्यातली बरीच पुस्तकं तिच्या वयाला योग्य नाहीत हे तिला स्पष्ट सांगा. बरेच लेखक पहिल्याच पानावर आत काय काय आहे याची यादी देतात, छळ, हिंसा, सगळं. ती यादी आधी दोघींनी मिळून वाचायची असं ठरवा. आणि धारप, मतकरी तिच्या हातात द्या, भीतीची आवड असेल तर रात्र कमी पडेल.