शिबिराला जाण्याआधी एवढं ऐक

कला-विज्ञान शिबिरात नाव घातलंस, फार बरं वाटलं. मी दोन उन्हाळे केलेत. चित्र काढता येत नाही म्हणून मागे मागे राहू नकोस, तिथे हातापेक्षा नजर लागते.

सायनोटाइपच्या, म्हणजे उन्हाने कागदावर निळे ठसे उमटवण्याच्या, दिवशी मात्र दांडी मारू नकोस. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड या दोन रसायनांचं द्रावण मंद उजेडात कागदाला लावायचं, कागद वाळला की त्यावर पान ठेवून उन्हात न्यायचा. उघड्या भागावर प्रशियन निळा, म्हणजे गडद निळा, रंग धरतो. पाण्यात धुतलं की पानाची आकृती पांढरी उमटते. ते बघताना मी अक्षरशः श्वास रोखून धरला होता! इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये ही रीत शोधली आणि १८४३ पासून वनस्पतींच्या अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी याच रीतीने समुद्री शैवालांचे ठसे प्रसिद्ध केले.

माझं पहिलं पिंपळपान वाऱ्याने हललं, कडा धूसर आल्या. वर काच ठेव. जाळी पडलेलं पान मिळालं तर उत्तमच, शीर न् शीर उमटते. प्रत्येक कागदामागे किती मिनिटं आणि ऊन कसं होतं ते लिही, बिघडलेल्यांच्याही. जुने कपडे घाल, हातमोजे विसरू नकोस.