नर्सिंग थिअरी वॉर्डात काय कामाची?

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. नाइटिंगेल, हेंडरसन, ओरेम, पेप्लाऊ यांच्या नर्सिंगच्या थिअऱ्या सगळ्या पाठ करतेय, पण वॉर्डात गेलं की बीपी घ्या, सलाईन लावा, इंजेक्शन द्या, डॉक्टरांनी लिहिलं तेवढं करा. सीनियर सिस्टर म्हणतात थिअरी परीक्षेपुरती. मग शिकायची कशाला?
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : तुझ्या सिस्टरना मी नावं ठेवणार नाही, अख्खा वॉर्ड एकटीच्या अंगावर असला की असंच वाटतं. तरी त्यांचं म्हणणं मला पटत नाही, कारण डॉक्टरांच्या ऑर्डरमध्ये जे लिहिलेलं नसतं ते काम आपलं आहे हे थिअरीनेच ठरवलंय.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया हेंडरसन यांनी साधं सांगितलं, अंगात ताकद, इच्छा किंवा माहिती असती तर पेशंटने स्वतःच केलं असतं ते आपण त्याच्यासाठी करायचं, आणि तो लवकरात लवकर स्वतःचं स्वतः करू लागेल हे बघायचं. त्यांनी सांगितलेल्या माणसाच्या १४ मूलभूत गरजांत श्वास, जेवण, झोप तर आहेच पण देवधर्म, काम, करमणूक पण आहे. पाठ करताना हा दुसरा भाग सगळे विसरतात.

आता पॅरालिसिस झालेले एखादे आजोबा घे, उजवा हात गेलाय. सुरुवातीला गिळता येतंय का ते बघून, ताठ बसवून, ठसका लागत नाही ना यावर लक्ष ठेवून आपण भरवतो. दोन-चार दिवसांनी डाव्या हातात चमचा द्यायचा, चमच्याच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळायची म्हणजे पकड येते, ताट सरकू नये म्हणून खाली ओला नॅपकिन. सांडतं, वेळ लागतो, सूनबाई म्हणते "द्या, मीच भरवते", आणि तिथे तिला प्रेमाने थांबवणं हे नर्सिंग आहे. डोरोथिया ओरेम यांची सेल्फ केअर थिअरी हीच, आधी पूर्ण आपण करायचं, मग अर्धं आपण अर्धं पेशंट, शेवटी नुसतं शिकवायचं आणि आधार द्यायचा. हात कधी मागे घ्यायचा हे ठरवणं तुझं काम, त्याची ऑर्डर कोणी लिहीत नाही.

डिस्चार्जचंही तसंच. डायबेटिसच्या मावशींना "इन्सुलिन २० युनिट, सकाळी" एवढं सांगून घरी पाठवलं आणि त्यांच्याकडे एका मिलीत ४० युनिटवाली बाटली पण सिरिंज एका मिलीला १०० युनिटच्या खुणांची असेल, तर २० च्या खुणेपर्यंत भरून प्रत्यक्षात फक्त ८ युनिट जातात, मग शुगर का उतरत नाही म्हणून सगळे हैराण. म्हणून बाटली-सिरिंज दोन्ही बघायची आणि त्यांच्याच हाताने भरून दाखवायला लावायचं, आपण भरून दाखवलं म्हणजे शिकवलं असं होत नाही.

पेप्लाऊ यांनी १९५२ मध्ये मांडलं की नर्स आणि पेशंटचं नातं हेच उपचाराचं साधन आहे. रात्री ऑपरेशनच्या भीतीने झोप न येणाऱ्या पेशंटजवळ पाच मिनिटं बसलीस तर तो टाइमपास नाही, काम आहे, आणि ते नर्सेस नोट्समध्ये लिहायचं. नाही लिहिलं तर आपलं निम्मं काम कोणाला दिसतच नाही, मग लोक आपल्याला डॉक्टरांच्या हाताखालची बाई समजतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

सगळ्या थिअऱ्या सगळीकडे चालतील असं नाही हं. आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला सेल्फ केअर कुठून, तिथे सुरुवातीला सगळं आपणच करणार. पुढच्या पोस्टिंगला एकच पेशंट निवड, केअर प्लॅनमध्ये तो आज स्वतः काय करू शकतो, काय नाही, आणि का नाही (ताकद, इच्छा की माहिती) हे त्याच्याशी बोलून लिही, मित्रमैत्रिणींच्या फाइलमधून उतरवू नकोस.