नाशिकहून दुबईला लेकीकडे जाताना आईने फराळ, मसाला, औषधं न्यावीत का?

चिवडा, चकली खुशाल न्या. खसखस मात्र अजिबात नको. ती अफूचं बी, म्हणून अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. म्हणजे अनारसे बाद, आणि घरच्या काळ्या मसाल्यात खसखस भाजून घातली असेल तर तोही बाद. लोक नेमके इथेच अडकतात, कारण डब्यात काय काय कुटलंय हे लक्षातच राहत नाही. कोडीन (अफूपासूनचा घटक) असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडॉल या तीव्र वेदनाशामकाच्या गोळ्या यांना तिथल्या सरकारची आगाऊ ऑनलाइन परवानगी लागते. बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. पासपोर्टची मुदत किमान ६ महिने शिल्लक हवी. भिवंडीची कोंडी धरून मुंबईहून सुटणाऱ्या विमानाच्या ८ तास आधी नाशिक सोडा.