घरून काम करताना मान आणि उजवा खांदा रोज दुखतो. चांगली खुर्ची घेतली तर फरक पडेल का?

तुम्ही लिहिलंय की डायनिंग टेबलवर लॅपटॉप ठेवून रोज नऊ-दहा तास काम करता, दुपारनंतर मान आखडते, उजव्या खांद्यापाशी गाठ आल्यासारखं होतं, आणि आता पंधरा हजारांची खुर्ची घ्यायच्या विचारात आहात. थांबा जरा. आधी हजार-बाराशेत कीबोर्ड आणि माऊस घ्या, खुर्चीचं दोन महिन्यांनी बघू.

मी डॉक्टर नाही. डोंबिवलीला राहते आणि घरबसल्या काही व्यापाऱ्यांचे जीएसटी रिटर्न भरते. दर महिन्याच्या ११ तारखेला विक्रीचं रिटर्न जीएसटीआर-१, २० तारखेला कर भरायचं ३बी, आणि माझी मान नेमकी या दोन तारखांच्या मध्ये धरायची. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑफिस घरी आलं, आणि पुढच्या जानेवारीत एका सकाळी मान डावीकडे वळेचना. कोणी हाक मारली की अख्खी वळायची मी, कपाट सरकवल्यासारखी. एका डॉक्टरांनी एक्स-रे बघून ‘मणक्यांमधली गॅप कमी झालीय, झीज आहे’ म्हणून सांगितलं आणि गळ्याला पट्टा दिला. महिनाभर घातला. काढला की मान आणखीच लुळी वाटायची. चाळिशीनंतर ज्यांची मान अजिबात दुखत नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेमध्येही ही झीज दिसते, आणि पट्टा फार दिवस ठेवला की स्नायू आयतोबा होतात, हे मला नंतर कळलं.

सांगितलं एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी. त्यांनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “कामाला बसता तेव्हाचा फोटो दाखवा.” मुलाने काढलेला दाखवला. पलंगावर लोडाला टेकून मी, मांडीवर लॅपटॉप, डाव्या हाताला गादीवर बिलांचा गठ्ठा, आणि मान कासवासारखी पुढे. बाई हसल्याच.

आपलं डोकं साडेचार-पाच किलोंचं. मणक्यावर सरळ तोललेलं असेल तोवर ते जाणवत नाही. भरलेली कळशी डोक्यावर घेऊन बाया कोसभर चालतात. तीच कळशी हात लांब करून धरा बघू, दोन मिनिटं टिकणार नाही. मान पुढे गेली की मानेमागच्या स्नायूंना दिवसभर तेच करावं लागतं. न्यूयॉर्कच्या एका मणक्याच्या सर्जनने २०१४ मध्ये कॉम्प्युटरवर हिशेब मांडला होता: मान ६० अंशांत झुकली तर मणक्यावर सुमारे २७ किलोंचा भार येतो. म्हणजे तांदळाचं पोतं.

लॅपटॉपची गोची अशी की स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जखडलेले. स्क्रीन डोळ्यांसमोर आणा, हात वर टांगले जातात. कीबोर्ड कोपराच्या उंचीला ठेवा, मान खाली जाते. लाख रुपयांच्या खुर्चीत बसलात तरी हे सुटत नाही, या दोघांची ताटातूट करावीच लागते. माझा लॅपटॉप गेली काही वर्षं एका पाटावर आणि त्यावर रचलेल्या जुन्या दिवाळी अंकांवर बसतो. स्क्रीनची वरची कड साधारण डोळ्यांच्या रेषेत आणि अंतर हात लांब केल्याइतकं. प्रोग्रेसिव्ह चष्मा (लांबचं वर, जवळचं खाली, एकाच काचेत) असेल तर मात्र स्क्रीन थोडी खालीच ठेवा. आमच्या ह्यांनी माझं बघून स्क्रीन वर घेतली आणि चष्म्याच्या खालच्या भागातून वाचायला दिवसभर हनुवटी वर करून बसले. मान दुखायची ती दुखलीच.

तुमचा उजवाच खांदा दुखतो, म्हणून माझा संशय माऊसवर आहे. तो लांब असेल तर हात सतत पुढे-बाहेर ताणलेला राहतो. कीबोर्डला चिकटून ठेवा, कोपर बरगडीजवळ राहू दे. आणि फोन खांदा-कानात दाबून बोलत असाल तर आजच बंद करा.

कागद बघून टाइप करावं लागत असेल तर तेही उभे हवेत. मी सासूबाईंचं ज्ञानेश्वरी ठेवायचं घडीचं लाकडी व्यासपीठ मागितलं. “माउलींच्या जागी जीएसटी? बघ बाई,” म्हणाल्या, पण दिलं. पारायण असलं की सात दिवस परत करावं लागतं, आणि त्या आठवड्यात मान बरोबर कुरकुरते.

एवढं करूनही तीन तास दगडासारखं बसलात तर दुखणारच. अर्ध्या तासाने उठायचं ठरवलं होतं, पण लक्षात कुठे राहतंय! म्हणून टेबलावरची मोठी बाटली काढून टाकली. पेला ठेवते. संपला की स्वयंपाकघरापर्यंत जावंच लागतं.

व्यायाम बाईंनी बरेच दिले, टिकले दोन. एक, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, नजर समोर, आणि हनुवटी खाली न झुकवता सरळ मागे ओढायची. गळ्याखाली दुसरी हनुवटी दिसली की बरोबर जमलं. पाच सेकंद धरायचं, दहा वेळा. आरशात बघू नका. दुसरा, उजव्या हाताने बैठकीची कड धरायची आणि नाक डाव्या काखेकडे न्यायचं, काखेचा वास घेतल्यासारखं. उजवीकडे मानेपासून खांद्यापर्यंत ताण जाणवेल. वीसेक सेकंद, मग दुसऱ्या बाजूला. झटके द्यायचे नाहीत. फारच आखडलं तर गरम पाण्याची पिशवी पंधरा-वीस मिनिटं. बाम लावा हवा तर, बरं वाटतं तेवढ्यापुरतं.

केस कापून झाल्यावर न्हाव्याकडून मान कडाकड मोडून घेत असाल तर ते सोडा. मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी त्या झटक्याने फाटू शकते आणि त्यातून अर्धांगवायूपर्यंत जाऊ शकतं. क्वचित होतं, पण दहा रुपयांच्या मालिशसाठी कशाला?

हातात मुंग्या किंवा बधिरपणा, पकड सैल होणं, शर्टाचं बटण लावताना बोटं अडखळणं, चालताना तोल जाणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, तापाबरोबर ताठरलेली मान, यातलं काही असेल तर माझं उत्तर बाजूला ठेवून सरळ डॉक्टरकडे जा. छातीत दडपण आणि घाम असेल आणि मान, जबडा किंवा हात दुखत असेल तर ताबडतोब हॉस्पिटल.

आता खुर्ची. मी अजून घेतलेली नाही. डायनिंगचीच आहे, कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल आणि पाय टेकायला दुसरा पाट. तुम्हाला घ्यायचीच असेल तर हातांची उंची बदलता येणारी घ्या, आणि जाण्याआधी घरच्या टेबलाची खालची उंची टेपने मोजून न्या. खुर्चीचे हात टेबलाखाली गेले नाहीत तर तुम्ही पुन्हा खुर्चीच्या कडेला येऊन पुढे वाकूनच बसाल.